चहासोबत कुरकुरीत काय खाल? लो-कार्ब आहार घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

भात कमी करता येतो, साखरेची सवयही मोडते. घोडं अडतं ते चारच्या चहापाशी. खारी नाही, टोस्ट नाही, जिरा बटर नाही, मग बशीत ठेवायचं काय? धायरीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात आम्ही जवस, तीळ आणि भोपळ्याच्या बियांचे क्रॅकर बनवतो, त्यामुळे हा प्रश्न आमच्या काउंटरवर रोज येतो. 'आमचा डबा घ्या' हे उत्तर आम्ही देतोच. पण सगळ्यांना तो परवडेल असं नाही, आणि कुरकुरीत खाण्याच्या बऱ्याच गोष्टी घरात आधीच असतात. म्हणून हे पत्रक.

आधी तुमची मर्यादा किती ते ठरवा

दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकं घेतली तर त्याला साधारणपणे लो-कार्ब म्हणतात. कीटो, म्हणजे कर्बोदकं जवळजवळ बंद करणारा आहार पाळणारे २० ते ५० ग्रॅमच्या आत राहतात. या दोन माणसांची बशी सारखी असूच शकत नाही. २० ग्रॅमच्या एका खाकऱ्यात १२ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. पहिल्याला तो बिनधास्त चालेल, दुसऱ्याचा निम्मा दिवस त्यातच संपेल. त्यामुळे 'अमुक चालतं का हो?' असं कुणी विचारलं की आम्ही उलट विचारतो, तुमची मर्यादा किती?

'मैदा नाही' म्हणजे कर्बोदकं नाहीत असं नव्हे

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. नाचणीची बिस्किटं, ज्वारीचे पफ, बाजरीचा खाकरा, मल्टिग्रेन टोस्ट: पाकिटावर हिरवं पान असतं, शेताचं चित्र असतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. शंभर ग्रॅम कणकेत तंतू (न पचणारं फायबर) वगळून साधारण ६४ ग्रॅम कर्बोदकं असतात. बाजरीत ६२, नाचणीत ६७, ज्वारीत ६८. म्हणजे धान्य बदललं तरी आकडा जागचा हलत नाही. नाचणीतलं कॅल्शियम, बाजरीतलं लोह हे त्यांचे खरे गुण आहेत आणि ज्यांची मर्यादा सैल आहे त्यांनी ती जरूर खावीत. लो-कार्ब म्हणून मात्र घेऊ नयेत.

मखाण्याचंही तसंच. भाजलेले मखाणे हलके लागतात, पण शंभर ग्रॅममध्ये ७५ ग्रॅमच्या वर कर्बोदकंच असतात. १५ ग्रॅमची ओंजळ खाल्ली तर ११ ग्रॅम गेले. कुरमुरे आणि साबुदाण्याच्या पापडाबद्दल तर बोलायलाच नको, ते जवळजवळ निव्वळ पिष्ट (स्टार्च). उडदाचा पापड त्यातल्या त्यात बरा: दहा ग्रॅमच्या पापडात पाचेक ग्रॅम. जेवणात एखादा भाजून खायला हरकत नाही, फक्त त्यातल्या मिठावर आणि पापडखारावर रक्तदाबवाल्यांनी लक्ष ठेवावं. 'भाजलेलं' आणि 'बेक्ड' या शब्दांनी तेल कमी झाल्याचं कळतं. कर्बोदकांबद्दल ते काहीच सांगत नाहीत.

कुरकुरीतपणा येतो कुठून

बिस्किट किंवा टोस्ट कुडकुडीत लागतो, कारण त्यातलं पाणी जवळजवळ सगळं उडालेलं असतं. पावसाळ्यात डब्याचं झाकण उघडं राहिलं की तोच टोस्ट मऊ पडतो, तेव्हा हे लगेच कळतं. गव्हाचं काम एवढंच की त्यातलं पिष्ट आणि ग्लुटेन हे चिवट प्रथिन सगळं एकत्र धरून ठेवतात. ते काम दुसऱ्या कुणी केलं तर गव्हाची गरज उरत नाही.

जवस हे काम झकास करतो. भिजला की त्याच्या सालीतून बुळबुळीत चीक सुटतो आणि तो बियांना एकमेकींशी बांधतो. नंतर मंद आचेवर पाणी उडवलं की पातळ, टणक चकती तयार. शंभर ग्रॅम जवसात २६-२७ ग्रॅम तंतू असतात, पचणारी कर्बोदकं फार थोडी. विदर्भात जवस पूर्वापार पिकतो आणि त्याची चटणी आपल्याकडे घरोघरी होते, म्हणजे हे काही परदेशातून आलेलं खूळ नव्हे. जोडीला इसबगोलाचा भुसा थोडा घातला तर चकती तुटत नाही.

घरी करायचं असेल तर

६० ग्रॅम जवस घ्या, त्यातला निम्मा मिक्सरमधून जाडसर फिरवा, निम्मा अख्खा ठेवा. तीळ, भोपळ्याच्या बिया आणि सूर्यफुलाच्या बिया प्रत्येकी ४० ग्रॅम. एक मोठा चमचा इसबगोल, पाऊण लहान चमचा मीठ, चमचाभर ओवा, वाटल्यास ठेचलेली मिरची. सुमारे १५० मिलिलिटर पाणी घालून कालवा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. सुरुवातीला पाणी फार झालंय असं वाटतं, घाबरू नका, बिया ते पितात. पळीने उचलल्यावर गोळा सुटून पडला नाही की झालं.

आता लाटणं. दोन कागदांमध्ये ठेवून नाण्याइतकं पातळ करा. वाण्याकडचा साधा बटर पेपर इथे चिकटतो आणि सगळा ताव फाटतो, सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंगचा कागदच आणा. १५० अंश सेल्सिअसवर ४० ते ५० मिनिटं लागतात. अर्ध्या वेळाने बाहेर काढून सुरीने चौकोन पाडा, उलटा, पुन्हा आत ठेवा. बंद केल्यावर ओव्हनमध्येच गार होऊ द्या. घाई करून आच वाढवली तर कडा जळतात आणि मधला भाग चिवट राहतो. जळलेला तीळ कडू लागतो, तो मग कशानेही झाकत नाही. ओव्हन नसेल तर नॉनस्टिक तव्यावर छोट्या चकत्या थापून अगदी मंद आचेवर दोन्ही बाजूंनी वाळवा. ओव्हनइतक्या एकसारख्या होत नाहीत, पण चटणीबरोबर उत्तम जातात.

अख्ख्या घाण्यात पचणारी कर्बोदकं १५ ग्रॅमच्या आसपास येतात. २४ तुकडे पाडले तर एकात अर्ध्या ग्रॅमच्या थोडं वर. मात्र एका तुकड्यात ४० च्या आसपास कॅलरी असतात, कारण बिया म्हणजे तेल. वजन कमी करणाऱ्यांनी चार-पाच तुकडे बशीत काढून डबा वर ठेवून द्यावा. डबा मांडीवर घेऊन मालिका बघायला बसलात तर आम्ही जबाबदार नाही.

एक सूचना कळकळीने: हे चहात बुडवू नका. जवस आणि इसबगोल पाणी ओढून फुगतात आणि कपात जे तयार होतं ते पिण्याजोगं नसतं. बुडवायचा टोस्टच हवा असेल तर बदामाचं पीठ, अंडी आणि इसबगोल यांचा पाव भाजून, गार झाल्यावर पातळ काप करून, ते पुन्हा १२० ते १३० अंशांवर तासभर वाळवा. दोनदा भाजणं हीच टोस्टची जुनी रीत. हाही कपात फार वेळ टिकत नाही, पण चटकन बुडवून खाण्यापुरता पुरतो.

बाकी कुरकुरीत गोष्टी

भेंडी उभी, बारीक चिरून, बेसन न लावता तळली किंवा एअर फ्रायरमध्ये वाळवली की चिवड्यासारखी खाता येते. कारल्याचे पातळ काप मीठ लावून, पिळून, तळले तर तेही. सुक्या खोबऱ्याचे काप कोरडे भाजून वर तिखट-मीठ. शेंगदाणे चालतात, काजूला मात्र हात आखडता घ्या: शेंगदाण्याच्या मानाने त्यात कर्बोदकं बरीच जास्त असतात. मासे खाणाऱ्यांना तर आमची गरजच नाही. तव्यावर भाजलेला जवळा किंवा निखाऱ्यावरचा सुका बोंबील यांच्याइतकं कुरकुरीत आणि कर्बोदकांशिवायचं दुसरं काय आहे? मीठ तेवढं जपा, आणि शेजाऱ्यांनाही.

चीजचा तुकडा किसून नॉनस्टिक तव्यावर पातळ पसरला तर तो वितळून, बुडबुडे येऊन, गार झाल्यावर जाळीदार पापड होतो. चेडरसारखं कडक चीज असेल तर छान होतो. पनीरचा असा पापड होत नाही, कारण दूध आंबट घालून फाडलेलं असल्यामुळे पनीर वितळत नाही.

क्रॅकरवर काय घ्यायचं याची यादी आम्ही देणार नाही, ठेचा आणि लोणी एवढंच पुरे आहे. वांग्याचं भरीत घेऊन बघा, मऊ आणि कडक एकत्र फार जमून येतं. चुरा उरला तर काकडी, कांदा, शेंगदाणे आणि हिरवी चटणी घालून कुरमुऱ्यांशिवायची भेळ करा.

बाजारातलं पाकीट वाचताना

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. 'सीड क्रॅकर' लिहिलेल्या पाकिटावर पहिलं नाव मैद्याचं किंवा तांदळाच्या पिठाचं असेल तर बिया शोभेला आहेत. टॅपिओका स्टार्च आणि माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजेही कर्बोदकंच. 'शुगर फ्री' बिस्किटात माल्टिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ असेल तर तोही रक्तातली साखर काही प्रमाणात वाढवतो. आकडे 'प्रति १०० ग्रॅम' रकान्यातले बघा, 'प्रति सर्व्हिंग' मध्ये कंपनी दोन बिस्किटंही धरते. 'कार्बोहायड्रेट' च्या पोटात 'डाएटरी फायबर' दिलं असेल तर ते वजा करा. युरोपातून आलेल्या पाकिटावर मात्र तंतू आधीच वेगळे काढलेले असतात, तिथे पुन्हा वजाबाकी करू नका.

औषधं चालू असतील तर

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लायमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी कर्बोदकं एकदम कमी केली तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कीटो सुरूच करू नये, त्यात कीटोअॅसिडोसिसचा, म्हणजे रक्तात आम्ल धोकादायक वाढण्याचा धोका असतो. इसबगोल आणि जवस खाल्ल्यावर पाणी भरपूर प्या. कुठलीही गोळी आणि हे क्रॅकर यांत दोनेक तासांचं अंतर ठेवा, थायरॉइडच्या गोळीसाठी किती ते डॉक्टरांना विचारा. तिळाची किंवा सुक्यामेव्याची अॅलर्जी असलेल्यांनी आमचा कुठलाच माल घेऊ नये, सगळं एकाच यंत्रावर होतं.

साठवण

जवसाचं तेल हवेने लवकर खवट होतं, म्हणून आम्ही डबे लहान ठेवतो. उघडलेला डबा घट्ट बंद करून सावलीत ठेवा, उन्हाळ्यात फ्रीजमध्ये. मऊ पडले तर १५० अंशांवर पाच-सात मिनिटं गरम करून गार होऊ द्या, पुन्हा कुडकुडीत होतील. जुन्या तेलासारखा वास आला तर मात्र गरम करून उपयोग नाही, टाकून द्या.

उपवासाला चालतात का, हे श्रावणात हमखास विचारलं जातं. आमच्या नेहमीच्या मालात जवस, ओवा आणि साधं मीठ असतं, आणि यातलं काय चालतं याची रीत घरोघरी वेगळी. घरच्या मोठ्यांना विचारा. सैंधव घालून, ओव्याऐवजी जिरं घालून हवे असतील तर दोन दिवस आधी सांगा, वेगळा घाणा काढून देऊ. लसूण आम्ही फक्त एकाच प्रकारात घालतो, त्याचं झाकण लाल आहे.