बिबट्याचे ठिपके आणि वाघोबाचा दगड

बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या कडेला राहणाऱ्या आमच्यासारख्यांकडे बिबट्या दिसला की पहिली मागणी ठरलेली, पिंजरा लावा. मीही बरीच वर्षं हेच म्हणायचे, पकडा नि लांब सोडून या, विषय संपला. पण विषय संपत नाही उलट वाढतो, हे मला पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरच्या अभ्यासामुळे कळलं. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आकडे बघा, १९९३ ते २००१ मध्ये तिकडे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे, मग बिबटे धरून दुसरीकडे सोडायचा सपाटा लागला आणि २००१ ते २००३ मध्ये ही सरासरी गेली १७ वर!

बिबट्याला आपला इलाका पाठ असतो हो, परक्या जागी सोडला की तो तिथे टिकत नाही, निघतो चालायला. आजोबा नावाचा बिबट्या आठवत असेल, २००९ मध्ये जीपीएस कॉलर, म्हणजे ठावठिकाणा सांगणारा गळ्यातला पट्टा, घालून त्याला माळशेज घाटात सोडलं तर पठ्ठ्या हायवे, रेल्वे, खाडी सगळं ओलांडत १२० किलोमीटरच्या आसपास चालून थेट आपल्या पार्काच्या जंगलात आला. २०११ मध्ये हायवेवर गाडीखाली गेला बिचारा, अजून वाईट वाटतं.

त्याच वर्षी वनखात्याने 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू केला (एसजीएनपी म्हणजे आपलं हे संजय गांधी नॅशनल पार्क), आणि माझ्या मते खरा फरक इथे पडला. कारण संशोधन इंग्रजी जर्नलमध्ये पडून राहिलं तर पाड्यावरच्या बाईला त्याचा काय उपयोग? इथे शास्त्रज्ञ, वनकर्मचारी, पोलीस, पत्रकार, सोसायटीवाले एकत्र बसले आणि साध्या भाषेत बोलणं झालं, की कचरा साठला की कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, अंधारात पोरांना एकटं सोडू नका, आणि बिबट्या दिसला तर घोळका करून त्याला कोंडू नका, वाट मोकळी ठेवा.

बिबटे मोजतात कसे तेही मस्त आहे. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरे बांधतात, समोरून काही गेलं की आपोआप फोटो निघतो, ह्यालाच कॅमेरा ट्रॅप म्हणतात. दोन्ही बाजूंना का, तर बिबट्याच्या डाव्या अंगावरचे ठिपके उजव्यापेक्षा वेगळे असतात आणि प्रत्येक बिबट्याची नक्षी त्याची स्वतःची, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. संशोधक निकित सुर्वेंच्या २०१५ च्या अभ्यासात पार्कात आणि आसपास असे ३५ बिबटे ओळखले गेले.

आणि नुसते ठिपके नाही, श्रद्धेचाही अभ्यास झालाय. वारली लोकांच्या वाघोबा या देवाची दीडशेच्या आसपास ठाणी संशोधकांनी नोंदवली, २०२१ मध्ये ते छापून आलं. वाघ आणि बिबट्या दोघांनाही वाघोबाच मानतात, वाघबारशीला पूजा करतात, आणि जंगल त्याचंही आहे हे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. आपण वर्कशॉप घेऊन जे शिकतो त्यातलं कितीतरी तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

आरेतल्या एका पाड्यावर मी असा वाघोबा पाहिलाय, शेंदूर इतका चढलेला की दगडावरचे चंद्र-सूर्य बोटाने चाचपावे लागले. तिथल्या आजींना मोबाईलवर कॅमेरा ट्रॅपचा फोटो दाखवला तर त्यांनी तो मोठा करून बराच वेळ बघितला, मग नातवाला हाक मारली आणि मला म्हणाल्या, ठिपक्यावरनं कसा वळखायचा ते ह्याला पण सांग.