शरीररचनाशास्त्रज्ञ संघटनेचे पुरस्कार

शरीररचनाशास्त्रातील संशोधन, अध्यापन किंवा संघटनात्मक सेवा यांतील कामगिरीबद्दल त्या विषयाच्या व्यावसायिक संघटनेतर्फे दिले जाणारे पुरस्कार, सन्माननीय व्याख्याने व फेलो पदव्या. या नोंदीत मुख्यतः अमेरिकेतील संघटनेचा विचार केला आहे. यूरोपीय संघटनांचा उल्लेख शेवटी थोडक्यात येतो.

संघटना : अमेरिकन संघटना सप्टेंबर १८८८ मध्ये वॉशिंग्टन येथे स्थापन झाली. जोसेफ लायडी हे तिचे पहिले अध्यक्ष. त्याआधी १८८६ मध्ये जर्मनीत व १८८७ मध्ये ब्रिटनमध्ये अशा संघटना निघाल्या होत्या. सर्वांत जुनी संघटना कोणती, यावर मतभेद आहेत. पॅरिसची शरीररचना मंडळी १८०३ ची असल्याने काही जण तो मान तिला देतात. परंतु तिचा भर विकृत शरीररचनेवर, म्हणजे रोगाने बदललेल्या अवयवांवर होता. त्यामुळे आजच्या अर्थाने पाहता जर्मन संघटनेचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. अमेरिकन संघटनेने अलीकडे आपल्या नावातील ‘शरीररचनाशास्त्रज्ञांची’ हा भाग बदलून ‘शरीररचनाशास्त्रासाठी’ असा केला. सदस्यांपैकी अनेक जण पेशीविज्ञान, गर्भविज्ञान, जीवाश्मविज्ञान अशा शाखांतले असल्याने हा बदल समजण्याजोगा आहे.

संशोधन पुरस्कार : नवसंशोधकांसाठीचे जुने पुरस्कार व्यक्तींच्या नावांनी ओळखले जातात आणि ते नाव सहसा शाखाही सुचवते. पेशीविज्ञानातील पुरस्कार रॉबर्ट रसेल बेन्सली (१८६७–१९५६) यांच्या नावे आहे. न्यूट्रल रेड व जेनस ग्रीन ही रंजकद्रव्ये वापरून त्यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडातील लँगरहॅन्सची द्वीपके (इन्सुलिन स्रवणारे पेशीसमूह) सुट्या रूपात ठळक केली व ती मोजता येतील अशी पद्धत बसवली. पुढे १९३४ मध्ये नॉर्मंड होर यांच्यासह त्यांनी गिनीपिगच्या यकृतातून सूत्रकणिका (मायटोकाँड्रिया) वेगळ्या काढल्या. तौलनिक तंत्रिकारचनेचा पुरस्कार चार्ल्स जडसन हेरिक (१८६८–१९६०) यांच्या नावे आहे. वाघ-सॅलॅमँडर या उभयचराच्या मेंदूवर त्यांनी अनेक वर्षे काम केले. ‘जर्नल ऑफ कंपॅरेटिव्ह न्यूरॉलॉजी’ हे नियतकालिक मात्र त्यांचे थोरले बंधू क्लॅरेन्स यांनी १८९१ मध्ये काढले. दोघा बंधूंची गल्लत संदर्भांत वारंवार होते. विकासविज्ञानातील पुरस्काराला अपरा (वार) व गर्भावरणांचे अभ्यासक हारलंड मॉसमन यांचे नाव आहे. या तिघांखेरीज आकारविज्ञानाचा (सजीवांचे आकार व रचना यांच्या अभ्यासाचा) स्वतंत्र पुरस्कार असून त्याला व्यक्तीचे नाव नाही.

हेन्री ग्रे पुरस्कार : वैज्ञानिक कामगिरी व श्रेष्ठ अध्यापन या दोन्हींसाठी संघटनेचे ज्येष्ठ सन्मान इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञ हेन्री ग्रे यांच्या नावे आहेत, वैद्यकीय पुस्तकांच्या प्रकाशकांची नावेही वेळोवेळी त्यांना जोडली गेली आहेत. ग्रे यांचा जन्म बहुधा १८२७ चा (काही ठिकाणी १८२५ दिला जातो). १८६१ मध्ये, संघटना निघण्याच्या २७ वर्षे आधी, ते देवीच्या रोगाने वारले. अमेरिकेत ते राहिले नाहीत, तरी ‘ग्रेज ॲनाटॉमी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या पाठ्यग्रंथाची अमेरिकन आवृत्ती १८५९ मध्येच फिलाडेल्फियात निघाली आणि तिकडच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या तिच्यावर शिकल्या. संशोधक म्हणूनही त्यांचा लौकिक होता : प्लीहेवरील निबंधाला १८५३ चे ॲस्टली कूपर पारितोषिक मिळाले होते.

अध्यापनाच्या पुरस्काराला त्यांचे एकट्याचे नाव असावे का, हा प्रश्न मात्र उरतो. ग्रंथाच्या १८५८ च्या पहिल्या आवृत्तीतील ३६३ आकृत्या हेन्री व्हँडाइक कार्टर यांच्या आहेत. अवयवांची नावे बाजूला अक्षरखुणांच्या यादीत न देता थेट त्या त्या भागावर लिहिलेली असल्याने विद्यार्थ्याची नजर आकृतीवरून हलत नाही. ग्रंथाच्या यशाचे मोठे कारण हेच मानले जाते. कार्टर यांनी चित्रे लाकडी ठोकळ्यांवर उलटी काढली, म्हणजे छापल्यावर ती सुलट उमटत. शीर्षकपृष्ठाच्या कच्च्या मुद्रितांवर ग्रे यांनी कार्टर यांच्या नावाचा टाइप लहान करण्याची खूण केली होती. मानधनातही तफावत होती : ग्रे यांना विक्रीच्या प्रमाणात, कार्टर यांना एकदाच १५० पौंड. पुस्तक आले त्याच वर्षी कार्टर मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागले आणि पुढे ‘मदुरा फूट’ या बुरशीजन्य रोगावरील कामामुळे ओळखले गेले. त्यामुळे दोघांचे जोडनाव अधिक न्याय्य ठरले असते, असे म्हणण्यास जागा आहे.

इतर सन्मान : बास्माजियन पुरस्कार शरीररचनेच्या अध्यापनात लवकर चमकलेल्या शिक्षकांसाठी आहे. जॉन बास्माजियन हे स्नायूंच्या विद्युत्-आलेखनाचे (ईएमजी) अभ्यासक होते. गर्भविज्ञानाचे पाठ्यपुस्तककार यान लँगमन यांच्या नावे विद्यार्थ्यांच्या निबंधवाचनाला पारितोषिक असते. लॅडमन पुरस्कार संघटनेच्या सेवेबद्दल दिला जातो. ‘ॲनाटॉमिकल रेकॉर्ड’ या १९०६ पासूनच्या नियतकालिकाचे ॲरन लॅडमन हे दीर्घकाळ संपादक होते.

निवड : नामनिर्देशन, कार्यवृत्त आणि शिफारसपत्रे एवढे साहित्य साधारणपणे मागवले जाते. ते निवड समितीपुढे जाते आणि वार्षिक अधिवेशनात पुरस्कार दिला जातो. संशोधन पुरस्काराच्या मानकऱ्याने तेथे व्याख्यान देण्याची प्रथा आहे. अर्ज मागे पडण्याची कारणे बहुधा तीच ती असतात. पेशीविज्ञान की विकासविज्ञान, हे काम कोणत्या शाखेचे ते न ठरवता अर्ज केला, तर तज्ज्ञ परीक्षक त्याला आपल्या शाखेतले मानत नाहीत. भ्रूणातील पेशींच्या स्थलांतरावरील काम दोन्हीकडे बसते, म्हणून शाखा निवडण्याचे कारण पत्रातच द्यावे लागते. सर्व शिफारसी एकाच विभागातून आल्या, तर बाहेरची साक्ष नसल्याने वजन घटते. शिफारसपत्रात कार्यवृत्तातलाच मजकूर पुन्हा आला, तर समितीला नवे काही कळत नाही. सहलेखकांच्या गर्दीत उमेदवाराचा नेमका वाटा कोणता, हे पत्राने सांगायचे असते. नवसंशोधक पुरस्कारांत पात्रतेचा काळ पदवी वा नेमणुकीपासून मोजतात. रजेमुळे पडलेला खंड कागदोपत्री न दाखवल्यास पात्र उमेदवारही बाद ठरू शकतो. उमेदवाराशी गुरू-शिष्य किंवा सहलेखकाचे नाते असलेल्या परीक्षकाने मतदानातून बाजूला राहावे, असा शिरस्ता आहे.

यूरोपीय पुरस्कार : ब्रिटिश संघटनेचे सिमिंग्टन स्मृतिपारितोषिक बेलफास्टचे जॉन्सन सिमिंग्टन (१८५१–१९२४) यांच्या नावे आहे, गोठवलेल्या मृतदेहांचे छेद घेऊन रचना दाखवण्यासाठी ते प्रसिद्ध होते. जर्मन संघटनेचा बार्गमन पुरस्कार तरुण संशोधकांना मिळतो. वोल्फगांग बार्गमन यांनी १९४९ मध्ये गोमोरी रंजनाने (पेशींतील स्राव रंगवून दाखवणाऱ्या पद्धतीने) दाखवले, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीच्या मागच्या भागात साठणारा स्राव तिच्या वरच्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातील तंत्रिका पेशींत तयार होऊन त्यांच्या तंतूंवाटे खाली येतो.