न्यूटनच्या शंकेला पितळ-पोलादाचं उत्तर

लंडनला मुलाबाळांकडे जाऊन आलेल्या पुणेकराच्या फोनमध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेचे फोटो हमखास असतात. न्यूटनचं स्मारक, डार्विनची कबर, अलीकडे हॉकिंगची. घड्याळजींच्या कबरीचा फोटो मात्र मला अजून कुणी दाखवलेला नाही. मधल्या दालनात, लिव्हिंग्स्टनच्या कबरीजवळ, एकाच लादीखाली टॉमस टॉम्पियन (निधन १७१३) आणि जॉर्ज ग्रॅहम (निधन १७५१) हे गुरू-शिष्य विसावले आहेत. ग्रॅहम टॉम्पियनच्या कारखान्यात कामाला लागला, त्याच्या पुतणी-भाच्यांपैकी एकीशी त्याचं लग्न झालं आणि पुढे तो धंद्यात भागीदारही झाला. १८३८ मध्ये त्यांची कोरीव लादी काढून तिथे नुसत्या नावाचे छोटे तुकडे बसवले गेले. घड्याळवाल्यांनी आरडाओरडा केला, तेव्हा कुठे १८६६ मध्ये अ‍ॅबेचे प्रमुख, डीन स्टॅन्ली यांनी मूळ लादी परत लावून घेतली.

शेजारीच तिसरं नाव आहे: समुद्रावर अचूक चालणारं घड्याळ बनवणारा जॉन हॅरिसन. तो इथे पुरलेला नाही. त्याची कबर हॅम्पस्टेडच्या सेंट जॉन चर्चच्या आवारात आहे. १८७९ मध्ये लंडनच्या घड्याळजींच्या संघटनेनं ती दुरुस्त केली, हॅरिसन आयुष्यात कधी त्यांचा सभासद नसतानाही! अ‍ॅबेमधली स्मृतिलादी बसली थेट २४ मार्च २००६ ला. २४ मार्च ही त्याची जन्मतारीख, आणि मृत्यूचीही. या लादीत दोन धातूंची एक अरुंद पट्टी रेखावृत्ताच्या दिशेनं बसवली आहे आणि तिच्यावर त्या जागेचा रेखांश कोरला आहे: ० अंश ७ मिनिटं ३५ सेकंद पश्चिम. म्हणजे ग्रिनिचला माध्यान्ह झाल्यावर तीसेक सेकंदांनी इथे होते. (पुण्याचं हेच गणित केलं, तर आपली स्थानिक माध्यान्ह घड्याळातल्या बारानंतर साधारण पस्तीस मिनिटांनी येते. कारण आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि आपण राहतो त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या मध्ये.)

हॅरिसनवरचे व्हिडिओ इंटरनेटवर ढिगानं आहेत. ‘गरीब सुतारानं बड्या खगोलशास्त्रज्ञांची जिरवली’ हा त्या सगळ्यांचा सूर. गोष्ट चांगली आहे, पण ती रंगवण्याच्या नादात त्यानं नेमकं केलं काय, हे कुणी सांगत नाही. ते त्या पट्टीत आहे.

१७१४ मध्ये समुद्रावर रेखांश कसा काढायचा याची चौकशी ब्रिटिश संसदेच्या समितीनं केली, तेव्हा न्यूटननं साक्ष दिली. अचूक घड्याळ बरोबर नेणं हा एक मार्ग आहे (घरची वेळ आणि जहाजावरची स्थानिक वेळ यांतल्या फरकावरून रेखांश निघतो), पण जहाजाचं हेलकावणं, उष्णता आणि थंडी, ओल आणि कोरडेपणा, वेगवेगळ्या अक्षांशांवर बदलणारं गुरुत्व, यांतून तरेल असं घड्याळ अजून झालेलं नाही, असं तो म्हणाला. यादीत उष्णता-थंडी दुसऱ्या क्रमांकावर आहे. माझ्या मते ती पहिल्या क्रमांकावर हवी होती.

भिंतीवरच्या घड्याळापासून सुरुवात करू. एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जायला बरोबर एक सेकंद घेणारा लंबक सुमारे ९९.४ सेंटिमीटर लांब असतो. दांडी पोलादाची असेल, तर तापमान एका अंशानं वाढलं की दर मीटरमागे ती ११.५ मायक्रॉन लांबते. पितळेची असेल तर १९ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, तेव्हा हे काहीच नाही असं वाटेल. पण दोलनकाल लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून लांबीत जितक्या टक्के वाढ, त्याच्या निम्मे टक्के घड्याळ मंदावतं. पुण्यात डिसेंबरच्या आणि मे महिन्याच्या सरासरी तापमानात दहाएक अंशांचा फरक पडतो. पोलादी दांडीला हे दहा अंश रोज पाच सेकंदांना पडतात, पितळी दांडीला आठ सेकंदांना. मे महिनाभरात अडीच-चार मिनिटं गेली.

म्हणूनच ‘घड्याळ दक्षिणेच्या भिंतीवर लावू नका, वाईट काळ येतो’ असं वास्तुवाले सांगतात तेव्हा गंमत वाटते. लंबकाला दिशा कळत नाही. त्याला ऊन कळतं. एप्रिलच्या संध्याकाळी तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर खुशाल लावा म्हणणारे आणि दक्षिणेला घाबरणारे लोक घड्याळाचं नुकसानच करतात.

ग्रॅहमला हा त्रास पुरता ठाऊक होता. दोन धातूंच्या प्रसरणातल्या फरकाचा उपयोग करता येईल, हे १७१५ च्या सुमारास त्याला सुचलंही होतं. पण फरक फार थोडा वाटला म्हणून त्यानं तो नाद सोडला आणि लंबकाच्या टोकाला पाऱ्याचं भांडं टांगलं. दांडी खाली लांबते, पारा भांड्यात वर चढतो, वजनाचं केंद्र जागच्या जागी राहतं. सुंदर युक्ती. पण जो मार्ग त्यानं सोडला होता, त्याच मार्गानं लिंकनशायरमधला एक सुतार १७२६ च्या आसपास पलीकडे पोचला.

हॅरिसनच्या लंबकाला एकाऐवजी नऊ सळ्यांची जाळी आहे. नऊच का? मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडणारी गोष्ट हीच, तेव्हा थोडा धीर धरा. पोलादाच्या सळ्या वरून खाली येतात, त्या तापल्या की गोळा खाली जातो. पितळेच्या सळ्या खालच्या आडपट्टीवर उभ्या राहून वर जातात, त्या तापल्या की गोळा वर उचलला जातो. दोन्ही सरकणी सारखी हवीत, म्हणजे पोलादाची लांबी गुणिले ११.५ बरोबर पितळेची लांबी गुणिले १९. शिवाय पोलादातून पितळ वजा केलं की उरणारी लांबी एक मीटर हवी. शाळेतली दोन समीकरणं. उत्तर येतं पोलाद सुमारे अडीच मीटर आणि पितळ दीड मीटर. आता एक मीटरच्या लंबकात दीड मीटर पितळ एका दमात वर कसं जाणार? जात नाही, म्हणून दोन टप्पे करायचे. पोलाद खाली, पितळ वर, पोलाद खाली, पितळ वर, पोलाद खाली. मधली शेवटची सळी एकटी, बाकी चारही टप्पे तोल राहावा म्हणून जोडीनं: चार दुणे आठ आणि एक नऊ. पुढे जस्त वापरात आलं. ते पोलादाच्या अडीचपट प्रसरण पावतं, त्यामुळे एकच टप्पा पुरतो आणि पाच सळ्यांत काम भागतं. अ‍ॅबेपासून हाकेच्या अंतरावरच्या बिग बेनच्या लंबकात पोलाद आणि जस्ताच्याच एकात एक नळ्या आहेत.

पण जहाजावर लंबक चालत नाही. तिथे बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे डोलणारं चाक, आणि कमान, म्हणजे स्प्रिंग. आणि उष्णतेनं कमानीची नुसती लांबी वाढत नाही, तिचा ताठपणाच कमी होतो. हा परिणाम कितीतरी मोठा: साध्या पोलादी कमानीचं घड्याळ अंशामागे दिवसाला दहाएक सेकंद मागे पडतं, पोलादी लंबकाच्या सुमारे वीसपट. इथे हॅरिसननं जाळी मोडून पट्टी केली. पितळ आणि पोलाद पाठीला पाठ लावून रिव्हेटनं जखडायचे. तापल्यावर पितळेला जास्त लांबायचं असतं, पोलाद लांबू देत नाही, मग पट्टी पोलादाकडे वाकते. दहा सेंटिमीटर लांब आणि एक मिलिमीटर जाड पट्टी दहा अंशांनी तापली, तर पितळ स्वतः फक्त ०.०१९ मिलिमीटर वाढू पाहतं, पण पट्टीचं मोकळं टोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त सरकतं. जवळजवळ तीसपट. तरफ नाही, दाते नाहीत. ते सरकणारं टोक कमानीला धरणाऱ्या दोन खिळ्या हलवतं, कमानीचा चालता भाग आखूड होतो आणि गेलेला ताठपणा भरून निघतो.

नोव्हेंबर १७६१ मध्ये त्याचं चौथं सागरी घड्याळ, १३ सेंटिमीटर व्यासाचं, इंग्लंडच्या थंडीतून जमैकाच्या उकाड्यात गेलं. घड्याळाची नेहमीची ठरावीक चाल हिशेबात धरल्यावर ८१ दिवसांत चूक निघाली पाच सेकंदांची. रेखांशात ती सव्वा मिनिट, विषुववृत्तावर मोजली तर जेमतेम सव्वादोन किलोमीटर.

आणि ही सागरी घड्याळं सुरू व्हायच्या आधी, १७३० च्या सुमारास, अनोळखी हॅरिसन लंडनला आला तेव्हा त्याला बिनव्याजी पैसे कुणी दिले? ग्रॅहमनं. एका धंद्यातले, एकाच प्रश्नावर वेगळ्या वाटेनं गेलेले!

ती पट्टी तुमच्या घरातही आहे. जुन्या धर्तीच्या इस्त्रीचा ‘टक्’ आवाज तिचाच, ट्यूबलाइटच्या स्टार्टरमध्ये ती आहे, मीटरपेटीतल्या एमसीबीमध्येही. ‘क्रांतिकारी स्मार्ट हीट टेक्नॉलॉजी’ असं खोक्यावर छापून विकल्या जाणाऱ्या काही वस्तू उघडल्या, तर आत हेच निघतं.

हॅरिसनच्या जाळीचं मात्र वाईट झालं. ती इतकी प्रतिष्ठेची झाली, की एकोणिसाव्या शतकातल्या कारखान्यांनी स्वस्त भिंतघड्याळांना नुसती शोभेची जाळी लावायला सुरुवात केली. रविवारी-बुधवारी जुन्या बाजारात असा लंबक ‘ओरिजिनल अँटिक’ म्हणून दाखवला जातो आणि तेवढ्यावर भाव चढतो. खिशात लोहचुंबक ठेवा. पिवळ्या सळ्या चुंबकाला चिकटल्या, तर ते मुलामा दिलेलं लोखंड आहे. सगळ्या सळ्या वरच्या आणि खालच्या दोन्ही पट्ट्यांत घट्ट ठोकलेल्या असतील, तरीही ती जाळी खोटी. खऱ्या जाळीत आतल्या सळ्या वेगवेगळ्या आडपट्ट्यांना जोडलेल्या असतात आणि मधली सळी खालच्या पट्टीतून मोकळी सरकायला हवी. त्यापेक्षा शेजारचं साध्या लाकडी दांडीचं घड्याळ घ्यावं. रेषांच्या दिशेनं लाकूड पोलादाच्या निम्म्याहूनही कमी वाढतं. पावसाळ्यातल्या दमटपणानं ते थोडं फुगतं खरं, म्हणून दांडीचं पॉलिश उडालेलं असेल तर जूनच्या आधी करून घ्या.