पत्त्यांची टंचाई आणि तिच्यावरचे तोडगे

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील एखाद्या यंत्रमागधारकाने शेडमधले कॅमेरे जुळे सोलापुरातल्या घरून थेट पाहायचे ठरवले, तर त्यासाठी स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, घ्यावा लागेल आणि त्याचे पैसे वेगळे पडतील, असे नेटवाला बहुधा सांगतो. या अडचणीचे मूळ १९८१ साली निश्चित झालेल्या आयपीव्ही४ या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याच्या नियमांत, आहे.

त्यात प्रत्येक पत्त्याला ३२ बिट दिल्यामुळे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट हे इंटरनेटचे पूर्वरूप असलेले जाळे या पद्धतीवर आले तेव्हा जोडलेली यंत्रे शेकड्यांत मोजण्याइतकी होती. साहजिकच काही संस्थांना एकेका गठ्ठ्यात १ कोटी ६७ लाख पत्ते देताना कोणी हात आखडता घेतला नाही. पुढे टंचाई दिसू लागल्यावर १९९४ मध्ये ‘नॅट’ हा तात्पुरता म्हणून सुचवलेला उपाय आला, आणि वाड्याच्या एकाच घरक्रमांकावर अनेक बिऱ्हाडे राहावीत तशी अनेक यंत्रे एका सार्वजनिक पत्त्यामागे राहू लागली. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठा संपल्यानंतर अनेक सेवादात्यांनी आपल्या पातळीवर आणखी एक नॅट बसवले. अशा ग्राहकाच्या राउटरला सार्वजनिक पत्ताच नसतो, म्हणून बाहेरून आलेली जोडणी कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही. उत्पादकाच्या सर्व्हरमार्फत चित्र पाहता येते खरे, पण मग भरवसा त्या तिसऱ्यावर ठेवावा लागतो. नॅटमुळे सुरक्षा मिळते हा समजही अर्धवटच आहे. ते काम फायरवॉलचे, म्हणजे नको ती वाहतूक अडवणाऱ्या यंत्रणेचे.

१२८ बिटांचे आयपीव्ही६ १९९८ पासून उपलब्ध आहे, परंतु ते जुन्या प्रोटोकॉलशी थेट बोलू शकत नसल्याने दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी चालवाव्या लागतात. भारतात २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर मोबाइलवर आयपीव्ही६चा प्रसार झपाट्याने झाला.

वाहतुकीच्या थरात, म्हणजे दोन यंत्रांमधली माहितीची ने-आण सांभाळणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये, बदल करणे याहून अवघड होते, कारण वाटेतली फायरवॉल आणि नॅटची उपकरणे अनोळखी प्रोटोकॉल अडवतात. म्हणूनच २०२१ मध्ये प्रमाणित झालेला ‘क्विक’ हा या थराचा नवा प्रोटोकॉल यूडीपी या जुन्या, ओळखीच्या प्रोटोकॉलवर स्वार होऊन जातो. टीसीपी या जुन्या वाहतूक प्रोटोकॉलची जोडणी आणि टीएलएस या सुरक्षा प्रोटोकॉलचे कूटीकरण यांसाठी पूर्वी संदेशांच्या वेगवेगळ्या फेऱ्या लागत. क्विक ती दोन्ही कामे एकत्र उरकतो, आणि फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला तरी जोडणी टिकवू शकतो. शिवाय वाटेतल्या उपकरणांनी पुन्हा जुन्या ठशावर अडून बसू नये, म्हणून त्याच्या रचनाकारांनी पाठवलेल्या प्रत्येक तुकड्याच्या शीर्षकातली (हेडरमधली) बरीचशी माहितीही मुद्दाम कूटबद्ध केली आहे.