लोणार विवर : संशोधनाचे विषय

लोणार विवर : बुलढाणा जिल्ह्यातील लोणार या तालुक्याच्या गावाला लागून असलेले, दख्खनच्या बेसाल्ट खडकातील वाटोळे विवर व त्याच्या तळाशी असलेले खाऱ्या, अल्कधर्मी पाण्याचे सरोवर. व्यास सु. १.८ किमी.; काठापासून खोली सु. १३५ ते १५० मी.; काठ भोवतालच्या सपाटीपेक्षा सु. २० ते ३० मी. उंच. १९७९ मध्ये ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर झाले, २००० मध्ये परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये त्याचा समावेश महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. भूविज्ञान, ग्रहविज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, पुराहवामानशास्त्र (प्राचीन हवामानाचा अभ्यास) व पुरातत्त्व या शाखांचे अभ्यासक येथे एकाच पायवाटेने उतरतात; तळाशी पोहोचल्यावर मात्र प्रत्येकाचा प्रश्न वेगळा असतो. या नोंदीत त्या प्रश्नांचा मागोवा घेतला आहे.

नाव व आख्यायिका : ‘लवण’ या शब्दाशी नावाचा संबंध उघड आहे. लवणासुर या दैत्याला विष्णूने दैत्यसूदन रूपात मारले, त्याच्या बिळावरचे झाकण दूर भिरकावले आणि त्या जागी हे तळे राहिले, अशी कथा आहे. नाव दैत्यावरून आले की दैत्याचे नाव खारावरून, याचा निर्णय करता येत नाही. दुसरी शक्यता अधिक वाटते. खड्डा हे एका प्रचंड आघाताचे फळ आहे ही कल्पना मात्र कथेत आधीपासून आहे, हे भूवैज्ञानिकांनीही आवर्जून लक्षात घ्यावे असे आहे.

उगमाचा वाद : अबुल फज्लच्या ऐन-इ-अकबरीत मेहकर सरकारच्या (मोगलकालीन जिल्ह्याच्या) वर्णनात या जागेचा व तेथे मिळणाऱ्या साबण-काचेच्या द्रव्यांचा उल्लेख येतो, विवर कसे झाले हा प्रश्न तेथे नाही. युरोपीय लेखनात लोणारची ओळख बहुधा १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यामुळे झाली. भोवती सगळीकडे लाव्ह्याचेच थर असल्याने एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी त्याला ज्वालामुखीचे मुख किंवा कोंडलेल्या वाफेच्या स्फोटाने पडलेला खड्डा मानले. १९१२ मध्ये ला टूश व क्रिस्टी यांनी सविस्तर निबंध लिहिला. त्यांचाही कल भूगर्भातील कारणांकडेच होता.

या मतातील अडचण काळाची होती. दख्खनचा लाव्हा सु. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला. विवराचा काठ मात्र अजून उठून दिसतो. बाहेर फेकला गेलेला चुरा पुष्कळ ठिकाणी शाबूत आहे. इतक्या अलीकडे ज्वालामुखी जागा झाला म्हणावे, तर त्या काळातील लाव्हा किंवा राख आसपास सापडायला हवी. ती सापडत नाही. काठावरच्या उघड्या कड्यात दुसरी खूणही दिसते. एरवी वऱ्हाडात आडवे पसरलेले बेसाल्टचे थर येथे बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, आतून जोराने उचकटल्यासारखे. काही ठिकाणी वरचा थर उलटा होऊन पालथा पडला आहे. ही गोष्ट पाहायला उपकरण लागत नाही. सकाळचे तिरपे ऊन पुरते.

१८९६ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट याने लोणार आणि ॲरिझोनातील विवर यांची तुलना केली. त्याने ज्वालामुखीजन्य वाफेचे कारण पसंत केले. दोन्ही जागांविषयीचा त्याचा निष्कर्ष पुढे मागे पडला, पण त्यांना एका पंगतीत बसवणारी नजर खरी ठरली. १९६१ मध्ये नंदी व देव यांनी अशनीच्या, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडाच्या, आघाताची बाजू मांडली आणि १९६४ मध्ये लाफाँ व डीट्स यांनी तोच प्रश्न जागतिक व्यासपीठावर नेला. रासायनिक पुराव्याच्या आधारे ज्वालामुखीची बाजू मांडणारे लेखनही याच दशकात झाले.

वाद मिटला तो भोके पाडल्यावर. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था व अमेरिकेची स्मिथसोनियन संस्था यांच्या सहकार्याने सरोवराच्या तळात वेधन झाले. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम यांनी निष्कर्ष १९७३ मध्ये सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध केले. गाळाखाली कोणाश्म लागला, म्हणजे तुटक्या, टोकदार तुकड्यांचा चिकटलेला खडक. आणि त्या तुकड्यांत मॅस्केलिनाइट होते. प्लॅजिओक्लेज हे बेसाल्टमधले नेहमीचे खनिज. प्रचंड आघातदाबाखाली ते न वितळताच काचरूप होते: स्फटिकाचा आकार तसाच राहतो, आतली रचना मात्र मोडते. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली खडकाचा पातळ काप फिरवला की शेजारचे स्फटिक उजळतात-मावळतात आणि मॅस्केलिनाइटची कांडी काळी ती काळीच राहते. एवढा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही. हा पदार्थ प्रथम ओळखला गेला तो १८६५ साली बिहारमध्ये शेरघाटी येथे पडलेल्या अशनीत. त्यामुळे त्याची लोणारमधली हजेरी निर्णायक मानली गेली. प्रस्तुत नोंदीतही आघातवादच स्वीकारला आहे.

मूळ अशनीचा हाताळता येईल असा तुकडा मिळालेला नाही. आघाताच्या उष्णतेत तो बहुतेक विरून गेला असावा. २०१९ मध्ये क्रोमियमच्या समस्थानिकांवरून येथील वितळखडकात (आघाताने वितळून पुन्हा घट्ट झालेल्या खडकात) अशनिद्रव्याचा अंश असल्याचे दाखवण्यात आले. खडकांच्या चुंबकीय गुणधर्मांवरून व चुऱ्याच्या पसरणीवरून अशनी पूर्वेकडून तिरपा आला असावा असे मत आहे. उत्तरेला सु. ७०० मी. अंतरावर अंबर तळे किंवा छोटे लोणार नावाचा लहान खोलगट भाग आहे. तो त्याच अशनीच्या तुकड्याने झाला असे पुष्कळदा लिहिले जाते. त्याला मुख्य विवराइतका भक्कम पुरावा नाही, म्हणून ते विधान जपून करावे.

वय : येथे मतभेद अजून जिवंत आहे. तापदीप्ती पद्धतीने १९९७ मध्ये ५२,००० वर्षे (± ६,०००) हे वय मिळाले. मार्गदर्शक पुस्तिकांत बहुधा हाच आकडा आढळतो. २००४ मध्ये भंगरेषा पद्धतीने (अणू फुटल्याने पडलेल्या सूक्ष्म रेषा मोजून) १५,००० वर्षे आले, पण त्यातली त्रुटीच ± १३,००० असल्याने त्यावर भर देता येत नाही. २०११ मध्ये जुर्दाँ व सहकाऱ्यांनी आर्गॉन पद्धतीने ५,७०,००० वर्षे (± ४७,०००) हे वय दिले, म्हणजे जवळपास अकरापट.

एवढी तफावत कशी पडते? तापदीप्तीत काच तापवून तिच्यात साठलेली ऊर्जा प्रकाशरूपाने मोजतात. काचेत ही साठवण काळाबरोबर गळू शकते, आणि गळाली की वय कमी येते. आर्गॉन पद्धतीत खडकात काळाबरोबर साठत जाणाऱ्या आर्गॉन वायूवरून वय काढतात; तीत चूक उलट्या दिशेने संभवते. आघाताने वितळलेला खडक मुळात कोट्यवधी वर्षांचा बेसाल्ट आहे; वितळताना जुना आर्गॉन पूर्ण निघून गेला नाही, तर मागे उरलेला वायू वय वाढवतो. २०११ च्या अभ्यासात या वारशाने आलेल्या आर्गॉनचा हिशेब स्वतंत्रपणे मांडला आहे, म्हणून तो आकडा अधिक विश्वसनीय वाटतो. मात्र काठाचा आणि चुऱ्याचा ताजेपणा पाहिला की साडेपाच-पावणेसहा लाख पावसाळे त्याने सोसले हे सहज पटत नाही. झीज किती वेगाने होते याची स्थानिक मोजणी झाल्याशिवाय ही शंका मिटणार नाही.

चंद्र-मंगळाशी तुलना : चंद्राची मैदाने व मंगळाचा बराच पृष्ठभाग बेसाल्टचा आहे. पृथ्वीवरची बहुतेक आघातविवरे इतर खडकांत आहेत; बेसाल्टमधील इतके सुस्थितीतील उदाहरण लोणारचेच. येथील चुऱ्यात सापडणारे बाजरीच्या दाण्याएवढे काचगोल आणि चांद्रमातीतील गोल यांची तुलना १९७३ पासून होत आली आहे.

गाळाचा अभ्यास : विवराला बाहेर जाणारा प्रवाह नाही, त्यामुळे जे आत येते ते तळाशी बसते. गाळाच्या सु. १० मी. लांब गाभ्यातून गेल्या सु. अकरा हजार वर्षांच्या मोसमी पावसाचा आलेख २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाणी आटले की गाळात गेल्युसाइट या क्षाराचे स्फटिक तयार होतात. त्यांवरून व इतर खुणांवरून सु. ४,६०० ते ३,९०० आणि सु. २,००० ते ६०० वर्षांपूर्वी असे दोन दीर्घ अवर्षणकाळ दाखवले आहेत. लोणारची बहुतेक देवळे या दुसऱ्या काळाच्या उत्तरार्धात पडतात. पाऊस रोडावला असताना येथील झऱ्याच्या बारमाही धारेजवळ वस्ती व देवस्थाने एकवटली असतील काय, हा प्रश्न पुरातत्त्वज्ञ व पुराहवामानतज्ज्ञ यांनी एकत्र बसून सोडवावा असा आहे.

जीवसृष्टी : पाण्याचा पीएच सु. १० च्या आसपास असतो, तरी ते निर्जीव नाही. स्पिरुलिनासारख्या नीलहरित जीवाणूंमुळे ते हिरवे दिसते व तळाशी मिथेन निर्माण करणारे सूक्ष्मजीव आहेत. सेसेंबिया लोनारेन्सिस ही जीवाणूची जाती येथूनच वर्णिली गेली. अल्कली सहन करणाऱ्या वितंचकांसाठी (एन्झाइमांसाठी) औद्योगिक दृष्टीनेही येथे शोध झाला आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून त्याचे कारण हॅलोआर्किया हे क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले.

पुरातत्त्व : गावातील दैत्यसूदन मंदिर तारकाकृती पायावर उभे असून त्यातील शिल्पकाम फार बारीक आहे. काल साधारणतः उत्तर चालुक्य ते यादव असा धरला जातो. विवराच्या आतील व काठावरील देवळांपैकी कमळजादेवीचे ठिकाण पूजेत आहे. मोठ्या मारुतीची मूर्ती चुंबकीय दगडाची असल्याची समजूत आहे. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतेच, त्यामुळे तेवढ्यावरून तो दगड आकाशातला ठरत नाही.

क्षार : उन्हाळ्यात पाणी मागे हटले की किनाऱ्यावर पांढरा पापुद्रा धरतो. बोटाने खरवडला तर तो पिठासारखा भुगा होतो आणि जिभेला साबणासारखा लागतो. काच-बांगड्या, साबण व कापडरंगाई यांसाठी हा सोडा पूर्वी काढला जाई. जुन्या नोंदींत दल्ला, पापडी, भुस्की अशी प्रतवार नावे आढळतात. ती प्रतवारी काढणाऱ्यांनी कोणत्या कसोटीवर केली हे नोंदींत येत नाही. ती रंगावरून, पोतावरून व चवीवरून असावी. ज्या हातांनी हे क्षार शतकानुशतके गोळा केले, त्यांचे ज्ञान रसायनशास्त्राच्या एकाही शोधनिबंधाहून कमी तोलाचे नव्हते.

कमळजादेवीच्या देवळाजवळ ‘सासू-सुनेची विहीर’ आहे. तिचे अर्धे पाणी गोड व अर्धे खारे मानतात. झऱ्याचे गोडे पाणी हलके व सरोवराचे जड, म्हणून ते एकमेकांत चटकन मिसळत नसावे. सरोवराची पातळी चढली की विहीर पाण्याखाली जाते. पाणी उतरले की पुन्हा दिसू लागते.