निगेटिव्ह आणि नावे जपून ठेवा: छायाचित्रकार अर्नेस्ट कोल यांच्या कामाच्या निमित्ताने

सांगलीतील आमच्या दुकानात जुनी निगेटिव्ह स्कॅन करून दिली जातात. काम हाती घेण्यापूर्वी आम्ही छायाचित्रातील माणसांची नावे, गाव आणि साल विचारतो आणि निगेटिव्हचे मूळ पाकीटही फेकू नये, अशी विनंती करतो. ही चौकशी कशासाठी, असे अनेक ग्राहक विचारतात. दक्षिण आफ्रिकेचे छायाचित्रकार अर्नेस्ट कोल यांची हकिगत हे त्याचे सर्वांत समर्पक उत्तर आहे, असे आम्हांला वाटते.

कोल यांचा जन्म १९४० साली प्रिटोरियाजवळ झाला. वर्णद्वेषी राजवटीत कृष्णवर्णीयांना पास, म्हणजे सरकारी परवाना, जवळ बाळगल्याशिवाय फिरता येत नसे. त्यामुळे ‘कोले’ हे आडनाव बदलून त्यांनी आपली नोंद मिश्रवर्णीय अशी करून घेतली आणि त्यातून मिळालेली थोडीफार मोकळीक छायाचित्रणासाठी वापरली. पासाअभावी बेड्या पडलेली माणसे, खचाखच भरलेल्या रेल्वेगाड्या, जमिनीवर बसून लिहिणारी मुले त्यांनी टिपली. खाणीत त्यांनी कॅमेरा जेवणाच्या पिशवीत लपवून नेला. तेथील एक छायाचित्र निवांतपणे पाहण्यासारखे आहे: वैद्यकीय तपासणीसाठी विवस्त्र, हात वर करून, भिंतीकडे तोंड करून उभे केलेले कामगार. माणसाची ओळख पुसून त्याचा केवळ आकडा कसा केला जाई, हे त्या पाठमोऱ्या रांगेइतके स्पष्टपणे क्वचितच कोणी दाखवले असेल.

१९६६ साली त्यांनी देश सोडला. १९६७ मध्ये ‘हाउस ऑफ बाँडेज’ हे त्यांचे पुस्तक अमेरिकेत निघाले, मायदेशात त्यावर बंदी आली आणि परतीची वाट बंद झाली. अमेरिका आणि स्वीडनमध्ये दिवस काढताना त्यांच्यावर बेघर होण्याचीही वेळ आली. नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटल्यावर जेमतेम आठवड्याने, फेब्रुवारी १९९० मध्ये, न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. सुमारे ६०,००० निगेटिव्ह २०१७ साली स्टॉकहोममधील एका बँकेतून त्यांच्या कुटुंबीयांच्या हाती आली. ‘हाउस ऑफ बाँडेज’च्या २०२२ मधील नव्या आवृत्तीत पूर्वी न छापलेल्या छायाचित्रांचे एक प्रकरण समाविष्ट झाले. त्याला ‘ब्लॅक इन्जेन्युइटी’ (कृष्णवर्णीयांची कल्पकता) हे शीर्षक कोल यांनी स्वतःच देऊन ठेवले होते, म्हणून ती छायाचित्रे त्यांच्या मनातल्या मथळ्याखाली वाचकांपुढे आली.

आपल्या भागात प्रतिसरकारच्या चळवळीत उतरलेल्यांची घरे गावोगावी आहेत. १९७२ साली स्वातंत्र्यसैनिक म्हणून ताम्रपट स्वीकारणाऱ्या आजोबांचे छायाचित्र भिंतीवर असते, परंतु त्यांच्या शेजारी उभे असलेले सहकारी कोण, हे नातवंडांना सांगता येत नाही. ही नावे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना विचारून ती मऊ पेन्सिलीने पाकिटावर लिहावीत. निगेटिव्हवर किंवा छायाचित्राच्या पाठीमागे बॉलपेन वापरू नये.

निगेटिव्हला आंबूस, व्हिनेगरसारखा वास येत असल्यास फिल्म खराब होऊ लागली आहे असे समजावे, ती इतर निगेटिव्हपासून वेगळी ठेवावी आणि स्कॅनिंगसाठी विलंब करू नये. पुराच्या पाण्यात भिजलेली निगेटिव्ह उन्हात वाळवू नयेत, कारण वाळताना ती एकमेकांना चिकटतात. स्वच्छ थंड पाण्यात बुडवून, ओली असतानाच, शक्यतो त्याच दिवशी आमच्याकडे आणावीत. स्कॅनिंगनंतर मूळ निगेटिव्ह पाकिटासह ग्राहकांना परत दिली जातात.