अठरा टक्के कशाचे? हायड्रोजन-सीएनजी आणि लीन ज्वलन

गॅस कमी, हवा जास्त: 'लीन'ची एवढी ओळख सातारा-सांगलीच्या कुठल्याही गॅरेजात असते. ज्योतीचं तापमान उतरतं, नायट्रोजन ऑक्साइड घटतात. अडतं ते मिथेनपाशी, म्हणजे सीएनजीतल्या मुख्य गॅसपाशी. लॅम्डा (पूर्ण ज्वलनाला लागते त्याच्या किती पट हवा, तो आकडा) 1.5 ओलांडून वर सरकला की ज्योत रेंगाळते, इंजिन मिस मारतं आणि न जळलेला गॅस सायलेन्सरमधून बाहेर पडतो. हायड्रोजनची ज्योत कितीतरी वेगाने पसरते, ठिणगीही मिथेनच्या दशांशाहून कमी ऊर्जेची पुरते. त्यामुळे 1990च्या दशकात अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये सीएनजीत 15 ते 20 टक्के हायड्रोजन मिसळून गाड्या चालवून पाहिल्या गेल्या.

आपल्याकडे सप्टेंबर 2020 मध्ये 18 टक्के हायड्रोजनचं मिश्रण वाहनांचं इंधन म्हणून अधिसूचित झालं. महिन्याभरात दिल्लीत 50 बसवर चाचणी सुरू झाली.

घोळ आहे तो या 18 टक्क्यांत. ते आकारमानाने आहेत. वजनाने मोजलं तर हायड्रोजन 3 टक्केही भरत नाही, ऊर्जेत त्याचा वाटा जेमतेम 6 टक्के. म्हणजे कार्बनची बचतही तेवढीच, 18 टक्के नव्हे! जाहिरातीत मात्र मोठा आकडा मिरवतो. शिवाय तेवढ्याच आकारमानात ऊर्जा 12-13 टक्के कमी, म्हणून त्याच टाकीत बस कमी पळते.

जुन्या मिक्सरवर (हवा-गॅस मिसळणारा भाग), ईसीयूत (इंजिनाचा संगणक) लॅम्डा दुरुस्ती नसेल, तर हे मिश्रण आपोआप सुमारे 6 टक्के लीन होतं. एक घनमीटर मिथेनला 9.5 घनमीटर हवा लागते, हायड्रोजनला 2.4. हलका गॅस जेटमधून थोडा जास्त येतो, तरी फरक पुरता भरून निघत नाही. ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं नाही तर ज्वलन लवकर उरकतं आणि नायट्रोजन ऑक्साइड उलट वाढतात. लीनचा सगळा फायदा तिथेच जातो.

2020च्याच एप्रिलमध्ये बीएस-6 (वाहनांच्या धुराचे नियम) आलं आणि जड सीएनजी इंजिनांचा कल लॅम्डा 1 व धूर शुद्ध करणाऱ्या थ्री-वे कॅटलिस्टकडे झुकला. हा कॅटलिस्ट लीन धुरातले नायट्रोजन ऑक्साइड काढत नाही. कागदावर सोय झाली, पण हायड्रोजन ज्यासाठी घालायचा, ते लीन ज्वलनच बाजूला पडलं. दुसरी बाजूही खरी आहे: खंबाटकी घाटात भरलेल्या बसला लीन इंजिनातून तेवढी ताकद काढायची, तर टर्बोचा दाब वाढवावा लागतो, आणि दाब वाढला की नॉकिंगची (मिश्रण अवेळी पेटून इंजिनात ठोके बसण्याची) भीती.